आई संध्याकाळी ‘घरी जायचंय’ म्हणते तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आईच्या आजाराचं कळलं की बरेच जण मला हाच प्रश्न विचारतात: ‘आमची आई पण दिवेलागणीला घरी जायचं म्हणते. स्वतःच्याच घरात बसून! तुम्ही अशा वेळी काय करता?’ २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात साठीच्या पुढच्या शंभरांतल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज निघाला होता, म्हणजे ही संध्याकाळ कितीतरी घरांत रोज उगवते.

‘अगं, हेच तुझं घर’ असं मी म्हणत नाही. आई पुण्यातल्या या घरात लग्नानंतर आली, पण तिच्या लेखी ती सगळी वर्षं आता नाहीत. तिला अल्झायमर आहे, तो डिमेन्शियाचाच एक प्रकार. त्यात हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूच्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला, सुरुवातीलाच इजा होते. अलीकडचं आधी जातं, लहानपणचं बराच काळ टिकतं. त्यामुळे आईचं घर म्हणजे आता वाई. गणपती आळी, कृष्णेचा घाट, आणि दिवे लागायच्या आत मुलींनी घरात पाऊल ठेवलंच पाहिजे हा अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, दंडक. उन्हं उतरली की तिची चुळबुळ सुरू होते. टॉवेलात एक ब्लाउज, कंगवा आणि मारी बिस्किटांचा अर्धा पुडा बांधते, गाठोडं काखेत घेते आणि दाराशी उभी राहते. ‘अहो ताई, वाईची गाडी चुकेल हो. अण्णा रागावतील.’ त्या वेळी मी तिची मुलगी नसते, कुणी परकी ताई असते, म्हणून अहोजाहो.

घर चुकीचं असलं तरी भीती खरीच असते, आणि मी त्या भीतीशी बोलते. अण्णा कधीच गेले असं सांगितलं तर ती ते पहिल्यांदाच ऐकते आणि तितकंच रडते. रोज संध्याकाळी तिला वडिलांच्या मरणाची बातमी का द्यायची? ‘मग खोटं बोलता का?’ असं लोक विचारतात. तशी वेळ फारशी येत नाही. ‘अण्णा फार कडक आहेत का?’ एवढं विचारलं तरी पुरतं. मग घाटावर भिजलेला परकर निघतो, कृष्णाबाईच्या उत्सवातली पंगत निघते, आणि बोलता बोलता गाठोडं मांडीवरून खाली कधी येतं ते तिलाही कळत नाही.

बोलून भागत नाही असेही दिवस असतात. तेव्हा आम्ही दोघी चपला घालतो, कुलूप लावतो आणि बिल्डिंगला फेरी मारतो. वॉचमनकाका ‘आलात का आजी’ म्हणतात, ती ‘आले बाबा’ म्हणते, आणि त्याच दारातून समाधानाने आत येते. कधी एकटी निसटलीच तर म्हणून तिच्या प्रत्येक गाऊनच्या आतून माझा फोन नंबर शिवलेला आहे.

बाकी तयारी दुपारीच होते. झोपेचं शरीरातलं घड्याळ या आजारात बिघडतं, त्यात थकवा आणि अंधुक उजेड. म्हणून बाहेर उजेड असतानाच सगळे दिवे लावते, पडदे ओढते, नाहीतर खिडकीच्या काचेतली बाई तिला घाबरवते. चहा झाला की आधी बाथरूमला नेते. कारण लघवीला लागलीय हे तिला सांगता येत नाही, तेही ‘घरी जायचंय’ म्हणूनच बाहेर पडतं. मग समोर मेथीची जुडी ठेवते. ती आजही माझ्यापेक्षा नीट निवडते, एकही जून काडी राहत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. एक-दोन दिवसांत माणूस एकदम बदलला, भलतंसलतं दिसायला लागलं, नाहीतर नुसती ग्लानी आली, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका. आईचं असं झालं तेव्हा लघवीला संसर्ग झालेला निघाला, आणि औषध सुरू झाल्यावर ती पुन्हा पूर्वपदावर आली. डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, सर्दीची किंवा झोपेची एखादी नवी गोळी, यानेही असं होतं.

आणि संध्याकाळ एकटीने ओढू नका. भावाने ‘काय मदत करू?’ विचारलं तेव्हा मी रविवारची संध्याकाळ मागितली. तो येतो, मी तीन तास बाहेर पडते. आईला तो अण्णांनी न्यायला पाठवलेला माणूस वाटतो, त्याच्यासमोर ती बिनतक्रार जेवते.

तुमच्या आईचं ‘घर’ कुठलं, हे मात्र आत्ताच विचारून ठेवा. मामा, मावशी, माहेरचे जुने शेजारी, जे कुणी उरले असतील त्यांना. आळी कुठली, शेजारी कोण, वडिलांना काय हाक मारायची, गोठ्यात गाय होती का, तिचं नाव काय. मला हे सगळं मामाने फोनवर सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं, आणि संध्याकाळी तीच वही उशाशी असते.