चष्मा काढ ना जरा

परवा आम्ही मैत्रिणी जमलो होतो, फोटोची वेळ आली आणि नेहमीप्रमाणे कोणीतरी ओरडलंच, "अगं चष्मा काढ ना जरा, छान दिसशील!" मी मुकाट काढला. आता माझा नंबर असा की चष्म्याशिवाय समोरचा मोबाईल कुठे धरलाय तेही कळत नाही, त्यामुळे फोटोत बाकीच्या सगळ्या कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मी एकटी खिडकीच्या पडद्याकडे बघून गोड हसतेय. चष्मा काढला की मी बरी दिसते आणि लावला की मला बरं दिसतं, अशी आमची पंचाईत. पुरुषाला कोणी फोटोपुरता चष्मा काढायला सांगितल्याचं मला तरी आठवत नाही, तो उलट चष्म्यात हुशार दिसतो म्हणे.

सिनेमात तर ठरलेलंच असतं. हिरोइन साधी आहे हे दाखवायचं म्हणजे तिला चष्मा, घट्ट वेणी आणि हातात पुस्तक, मग इंटरव्हलनंतर चष्मा जातो, केस मोकळे सुटतात, हिरो बघतच राहतो आणि पुस्तकाचं पुढे काय झालं ते कोणी सांगतच नाही. अर्धवट राहिलं असणार ना बिचारीचं!

यावरून मर्लिन मन्रो आठवते. १९५३ च्या एका सिनेमात तिने अशी मुलगी केलीय जिला चष्म्याशिवाय धड दिसत नाही, पण पुरुषांसमोर तो लावायचाच नाही असं तिने ठरवलंय, म्हणून ती भिंतींवर आपटते, चुकीच्या विमानात जाऊन बसते, आणि आपण हसतो. आणि खऱ्या आयुष्यात याच बाईच्या मागे चारशेच्या आसपास पुस्तकं राहिली, १९९९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा लिलाव झाला. तिचा एक फोटो आहे, इव्ह अर्नोल्डने १९५५ मध्ये काढलेला, त्यात ती भल्याभल्यांना न झेपणारी एक जाडजूड कादंबरी वाचत बसलीय, तीसुद्धा अगदी शेवटच्या पानांपाशी पोचलेली. तर लोकांचा त्यावरचा ठरलेला प्रश्न काय, की खरंच वाचत होती का पोज दिली? इतके नेते, लेखक पुस्तकांच्या कपाटापुढे उभं राहून फोटो काढतात, त्यांना विचारतं का कोणी?

मी काही फार वरच्या पायरीवर बसलेय असं नाही हं. झोपायच्या आधी कुठल्या नटीने काय घातलं, कोण कोणापासून वेगळं झालं हे मीही बघते, पाऊण तास कुठे जातो कळत नाही आणि सकाळी त्यातलं एक अक्षर आठवत नाही. याउलट एखाद्या कादंबरीतली सासू डोक्यात गेली की पुस्तक संपून आठवडा झाला तरी दात घासताना माझं तिच्याशी भांडण चालूच.

आमच्यात एकजण आहे, तिने त्या दिवशी काय घातलं होतं विचाराल तर शप्पथ सांगता येणार नाही. पण फोटोबिटो झाल्यावर ती सहज म्हणाली, "तुम्हाला माहितीये का, ऑक्टोपसच्या मज्जापेशींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश त्याच्या हातांमध्ये असतात." झालं! म्हणजे हात स्वतःच विचार करतात का, मग आठ हातांचं आपसात पटतं का, एक हात रुसला तर काय, असं करत आम्ही सहाजणी तासभर तावातावाने भांडलो, कोण जाड झालंय आणि कोणाचे केस गळतायत हा नेहमीचा विषय निघालाच नाही, आणि घरी येताना माझ्या लक्षात आलं की आज तासभर मी पोट आत ओढून बसले नव्हते.

तर आता भाचीला नंबर लागलाय, चौदा वर्षांची आहे. नवा चष्मा लावून आरशासमोर उभी राहिली, तोंड पाडून म्हणाली, "मावशी, वाईट दिसते ना मी?" माझ्या तोंडावर "छे गं, छान दिसतेस" आलंच होतं, पण म्हटलं नको, परत तेच कशाला. मोठ्या शहाणपणाने विचारलं, "ते राहू दे, तुला कसं दिसतंय ते सांग."

ती माझ्याकडे वळली, जवळ आली, नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "अय्या मावशी, तुला मिशी आहे!"

हात आपोआप ओठावर गेला माझा.