बँकेच्या लेखी मी जनावरांची डॉक्टर होते

१४,००० रुपयांचा तो चेक पावणेतीन महिने आमच्या देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. कुत्र्यांना शिकवण्याच्या कामातली माझी पहिली मोठी कमाई. चेकवरची तारीख ४ ऑगस्ट २०२३, आणि चेक चालतो तीनच महिने. संध्याकाळी दिवा लावताना नजर त्या ड्रॉवरकडे जायचीच. डॉग ट्रेनर कसं व्हायचं, असं बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आणि माझा राग अजून गेलेला नाही, म्हणूनही लिहितेय.

शिकण्याचं आधी सांगते. आपल्याकडे या कामाला सरकारी परवाना किंवा ठरावीक पदवी लागत नाही. त्यामुळे काटेरी पट्ट्याला हिसके देणाराही स्वतःला ट्रेनरच म्हणवतो. कुणाकडे शिकायचं हे त्याच्या कुत्र्यांकडे बघून ठरवा: हाक मारल्यावर ती धावत येतात की पोट जमिनीला लावत येतात? मी नऊ वर्षं एका कंपनीत हिशेब सांभाळत होते. शनिवार-रविवारी वारज्याला एका काकांकडे जायला लागले. काका सैन्याच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले, मेरठला तयार झालेले. पहिले दोन महिने त्यांनी पट्टा माझ्या हातात दिलाच नाही. फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं: कान कुठे आहेत, शेपूट किती उंचीला आहे, जांभई कधी दिली. झोप आलेली नसताना कुत्रा जांभई देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो, तेव्हा त्याला ताण आलेला असतो. एवढं वाचता आलं की बरेच चावे टळतात.

दीड वर्षानंतर नोकरी सोडली. कोथरूडच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर चिंगी नावाची रस्त्यावरून आणलेली कुत्री होती, लिफ्टमध्ये पाऊल टाकायची नाही. घर शाकाहारी, त्यामुळे कलेजी बाद. पनीरचे नखाएवढे तुकडे घेऊन आम्ही लिफ्टपासून चार फुटांवर बसलो. तिने दाराकडे नुसतं बघितलं की "हां!" आणि लगेच तुकडा. शब्द छोटा आणि रोज तोच असावा, खाऊ सेकंदाभरात तोंडात पडावा, ही काकांची शिकवण. पाचव्या दिवशी तिने एक पंजा आत ठेवला आणि काढून घेतला. मी ओढलं नाही. अकराव्या दिवशी ती स्वतःहून आत जाऊन बसली, आणि तिच्या आजींनी माझा हात घट्ट धरला. त्याच आजींच्या ओळखीने मुळशी रस्त्यावरच्या, कुत्रे सांभाळणाऱ्या एका बोर्डिंगचं महिन्याचं काम मिळालं. त्यांना बिल लागायचं आणि चेक फर्मच्या नावाने निघायचा. तो चेक सेव्हिंग खात्यात घेत नाहीत. म्हणजे करंट खातं हवं, आणि माझी गाडी तिथेच अडकली.

एका मालकाच्या फर्मचं खातं उघडायला बँका व्यवसायाचे दोन पुरावे मागतात. मी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि शॉप अ‍ॅक्टची, म्हणजे दुकान-आस्थापना कायद्याखालची, पावती अशी दोन्ही घेऊन गेले. काउंटरवरच्या मॅडमनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "तुमचं व्हेटर्नरी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन?"

"मी डॉक्टर नाही हो, मी कुत्र्यांना शिकवते."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि एका ओळीखाली पेन ठेवलं. उद्यमच्या कागदावर व्यवसायाचा कोड ७५००, म्हणजे पशुवैद्यकीय सेवा. शॉप अ‍ॅक्टवर व्यवसायाचं स्वरूप 'पेट क्लिनिक'. दोन्ही कागद एका एजंटने काढून दिले होते, १,५०० रुपये घेऊन. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे, हे मला नंतर कळलं. आधार आणि पॅन जवळ असले की घरबसल्या होते. कुत्रा म्हटल्यावर त्याने यादीत जे पहिलं दिसलं ते लावून दिलं, आणि मी न वाचता घेतलं.

चूक कागदात होती, हे मला मान्य आहे. पण चूक दिसल्यावर ती कशी दुरुस्त करायची हे सांगायला बँकेत कुणी तयार नव्हतं, याचा मला संताप आहे. त्या दिवशी सांगितलं, प्रतिज्ञापत्र आणा. नोटरी करून नेलं, तर दुसऱ्या साहेबांनी ते हातातही घेतलं नाही. "हे चालत नाही, कौन्सिलचं पत्र आणा, की तुम्ही डॉक्टर नाही." जी मी नाहीच, ती नाही असं पत्र मला कोण देणार? काय लागेल ते लेखी द्या म्हटलं, तर "वरून विचारून सांगतो." मग साहेब रजेवर, मग गणपती. सहा फेऱ्या झाल्या. दर वेळी स्कूटर लावायची, टोकन घ्यायचं, आणि पहिल्यापासून सगळं सांगायचं.

शेवटी वाट दाखवली माझ्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने. बँकेशी भांडू नकोस, कोड बदल. पाळीव प्राण्यांना सांभाळणं, त्यांची निगा, त्यांचं प्रशिक्षण हे सगळं ९६०९ या गटात, 'इतर वैयक्तिक सेवां'मध्ये येतं. उद्यमच्या साइटवर दुरुस्तीची सोय आहे. बसले रात्री, तर ओटीपी येईना. फॉर्ममध्ये एजंटने स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचाच ईमेल टाकला होता, आणि एजंट गणपतीला कोकणात, फोन लागत नव्हता. विसर्जनानंतर चार दिवसांनी तो सापडला. त्याच्या दुकानात उभं राहून ओटीपी घेतला आणि सगळ्यात आधी माझा नंबर टाकला. कुठलाही फॉर्म कुणाकडूनही भरून घ्या, पण नंबर आणि ईमेल स्वतःचाच हवा. पुढे शॉप अ‍ॅक्टवरही 'श्वान प्रशिक्षण' करून घेतलं. तिथे तेव्हा कामगार दहापेक्षा कमी असतील तर फक्त माहिती कळवून पावती घ्यायची असायची, आत डोकं लावण्यासारखं काही नव्हतं.

या भानगडीत एक सांगायचं राहिलं. काम सुरू करण्याआधी रेबीजची लस घ्या, कुणी चावण्याची वाट बघू नका. आणि चावलाच तर आधी साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची, मग लगेच डॉक्टर. आधी लस घेतली असली तरीही.

तासांची वहीसुद्धा पहिल्या दिवसापासून ठेवा. पुढे सीपीडीटी-केए ही डॉग ट्रेनरसाठीची अमेरिकेतली परीक्षा द्यावीशी वाटली, तर आधीच्या तीन वर्षांत किमान ३०० तास शिकवल्याचा अनुभव लागतो. मी वही उशिरा सुरू केली आणि वर्षभराचे तास हातचे गेले.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, खातं उघडलं. त्याच मॅडम होत्या. कागद बघून म्हणाल्या, "आता बरोबर आहे," आणि सही केली, तीन मिनिटांत. दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आधी मी चेक घेऊन पायऱ्यांवर उभी होते. पैसे जमा झाल्याचा मेसेज मी आईला दाखवला, काकांना पाठवला, आणि बोर्डिंगच्या आवारात बसून एकटीच रडले.

त्याच आठवड्यात फोन सुरू झाले: दिवाळी आलीय, आमचा कुत्रा फटाक्यांना घाबरतो, चार दिवसांत काही करता येईल का? नाही येत. हळू आवाजापासून सुरुवात करून सवय लावायला कित्येक आठवडे लागतात. पुण्यात ढोलांचा सराव सुरू व्हायच्या आधी, मे-जूनमध्येच ही कामं घ्या, आणि दिवाळीच्या तोंडावर आलेल्यांना खोलीचा पडदा, पंखा, डॉक्टरांचा सल्ला एवढं सांगून पैसे घेऊ नका.