कटरची गूज, १/४८ : सांगाडा ते प्रायमर

मंडळी, मी बांधत असलेलं विमानाचं मॉडेल, म्हणजे गूज (माप १/४८, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं), आता प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरापर्यंत आलं आहे. फोटो पाहून काहींनी 'हे नेमकं कुठलं विमान?' असं विचारलं होतं, म्हणून आधी थोडं त्याबद्दल.

'टेल्स ऑफ द गोल्ड मंकी' ही अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवरची मालिका. १९८२च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि १९८३च्या उन्हाळ्यात बंद पडली. एकच हंगाम. निर्माता डोनाल्ड बेलिसारिओ, म्हणजे 'मॅग्नम पी.आय.' मालिकेवाला. काळ १९३८, जागा दक्षिण पॅसिफिकमधलं बोरागोरा नावाचं काल्पनिक बेट, अंमल फ्रेंचांचा. तिथला वैमानिक जेक कटर, त्याचा मेकॅनिक कॉर्की, जॅक नावाचा एकाक्ष कुत्रा आणि मंकी बारचा मालक बॉन शान्स लुई. लुई पहिल्या भागात रॉन मूडीने केला, पुढे रॉडी मॅक्डोवॉलने. बारमध्ये गाणारी सारा ही खरी अमेरिकन हेर, आणि गावातला पाद्री जर्मन हेर. शेजारच्या, जपानी अमलाखालच्या बेटावर राजकन्या कोजी. कॅरोलाइन, मार्शल आणि मेरियाना ही बेटं तेव्हा राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) आदेशाने खरोखरच जपानच्या ताब्यात होती. त्यामुळे कथा काल्पनिक असली तरी तिच्या कडेने खरा इतिहास चालत राहतो. त्याच सुमारास सीबीएस या दुसऱ्या अमेरिकन वाहिनीने सिंगापूरमध्ये घडणारी 'ब्रिंग एम बॅक अलाइव्ह' आणली होती, तीही एका हंगामात आटोपली. मला विचाराल तर दोघींत गोल्ड मंकीच उजवी. जेक, कॉर्की आणि जॅक यांच्याइतकंच त्यातलं विमानही एक पात्र आहे.

ते विमान म्हणजे ग्रमन जी-२१ गूज. न्यूयॉर्कच्या काही धनाढ्य मंडळींना लाँग आयलंडच्या घरून वॉल स्ट्रीटला उडत जाता यावं, म्हणून ग्रमनने ते बनवलं. पहिलं उड्डाण मे १९३७मध्ये. एकंदर ३४५ विमानं तयार झाली. पाण्यावर उतरतं आणि चाकं खाली सोडून धक्क्यावरही चढतं. दोन प्रॅट अँड व्हिटनी वास्प ज्युनियर इंजिनं, प्रत्येकी ४५० अश्वशक्ती, नऊ सिलिंडर गोलाकार मांडलेले. पंखांचा विस्तार ४९ फूट, म्हणजे १/४८मध्ये ३११ मिमी. लांबी ३८ फूट ६ इंच, म्हणजे साधारण २४४ मिमी. दोन्ही हातांत नीट मावतं.

या तारखांनीच माझ्या बांधणीची दिशा ठरली. कथा १९३८ची आणि विमानाचं पहिलं उड्डाण १९३७चं, म्हणजे कटरची गूज फार तर दीडेक वर्षाची! मालिकेत ती थकलेली, खडखडणारी दिसते, आणि बहुतेक मॉडेलवालेही तिला उन्हाने विटलेली, ठिगळांची दाखवतात. मी तसं करणार नाही. तिच्यावर वय दिसायला नको, मीठ दिसायला हवं. ॲल्युमिनियमचे पत्रे नवे असतील, पण सांध्यांत आणि रिव्हेटभोवती पांढरी भुकटी धरलेली, एक्झॉस्टमागे काजळी, पोटाखाली ओल्या-सुक्याच्या रेघा. समुद्रात उतरलेलं विमान गोड्या पाण्याने धुवावंच लागतं, आणि छोट्या बेटावर गोडं पाणी काही मुबलक नसतं. कोकणात किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. नवी कोरी मोटरसायकल दोन पावसाळ्यांत कशी होते ते आपण पाहतोच.

आता कामाकडे. सांगाडा सनबोर्डचा, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्याचा. मधोमध एक उभा कणा आणि त्याला आडवे छेद, वर अर्धा मिमी स्टायरीनचं (प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचं) कातडं. पंख बाल्सा या हलक्या लाकडाचे, त्यावरही पातळ स्टायरीन. बाल्सा आधी सँडिंग सीलरने बंद केला, नाहीतर तो रंग पीत राहतो आणि तंतू वर येतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पोटाने. गूजचं पोट होडीचं आहे. पुढे नाळ (होडीचं पुढचं टोक), मग व्ही आकार पसरत मागे जातो आणि मध्येच एक पायरी येते. ही पायरी दिसायला मामुली, पण तिच्यावाचून विमान पाण्यावरून सुटणारच नाही. वेग वाढला की पोटाखालचं पाणी पृष्ठभागाला चिकटून विमानाला खाली ओढतं. पायरीपाशी ते अचानक सुटतं, मागे हवा शिरते, ओढ तुटते आणि गूज पुढच्या भागावर घसरत वेग घेते. म्हणून पायरीची धार तीक्ष्णच हवी. पुट्टी लावून काचपेपर मारला की ती हमखास गोल होते. मी पुढचा भाग पूर्ण घासून घेतला, मग पायरीच्या रेषेवर स्टायरीनची पट्टी चिकटवली आणि मागचा भाग तिच्याशी वेगळा जुळवला. कोणी उडणारी नाव बांधत असेल तर हाच क्रम धरा, धार आपोआप टिकते.

चाकांचे खोबणही मजेशीर आहेत. गूजची चाकं पंखांत जात नाहीत, धडाच्या दोन्ही बाजूंना वर दुमडून बसतात आणि टायर बाहेरून दिसतात. वैमानिकाला ती हाताने फिरकी फिरवून वर-खाली करावी लागत. माझी गूज धक्क्याच्या उतारावर अर्धी पाण्याबाहेर उभी असणार, त्यामुळे चाकं खाली आणि खोबण रिकामे. आतलं सगळं उघडं पडतं, म्हणून आत पट्ट्या आणि दांडे घालावे लागले. गिटारची पातळ तार फार कामाला आली.

इंजिनाचा खरा व्यास ४६ इंचांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे साधारण २४ मिमी. सिलिंडर स्टायरीनच्या दांड्यांचे, त्यांवर बारीक तांब्याची तार गुंडाळली की थंड करणारी पाती तयार. एकेक सिलिंडर असं दोन्ही इंजिनांचे अठरा. हे काम मला मनापासून आवडलं, संपू नये असं वाटत होतं. प्रोपेलर दोन पात्यांचेच ठेवतोय. आज उडणाऱ्या कित्येक गूजना तीन पात्यांचे आहेत, पण १९३८ला दोनच शोभतात.

काळाबद्दल इतकं काटेकोर राहायचं तर एक गोष्ट सांगायलाच हवी. मालिकेत जेक आधी चीनमध्ये 'फ्लाइंग टायगर्स' या अमेरिकन स्वयंसेवक वैमानिकांच्या तुकडीतून लढलेला दाखवलाय. ती तुकडी १९४१ची, तिची पहिली लढाई त्या वर्षीच्या डिसेंबरातली. १९३८च्या माणसाच्या भूतकाळात ती बसत नाही. मला ते खटकत नाही. एका नावात त्या माणसाचा सगळा स्वभाव कळतो, आणि साहसकथेला तेवढी मोकळीक द्यावी. सेटच्या बाबतीत मात्र त्यांनी जीव ओतला होता. १९८३चं मालिकांसाठीचं कलादिग्दर्शनाचं एमी पारितोषिक गोल्ड मंकीलाच मिळालं. मंकी बारमधली लाकडं, पंखे, पडदे पाहताना भाग थांबवून थांबवून मी टिपणं काढली आहेत. धक्क्यामागे बारची एक भिंत आणि व्हरांडा येणार आहे तो त्यावरूनच.

आणि जॅक! नाकावरच्या झडपेशेजारी तो बसणार. त्याचा खोटा डोळा जेकने पत्त्यांच्या जुगारात घालवलाय, म्हणून डोळ्यावर पट्टी. या मापात कुत्रा जेमतेम ६ मिमी उंच होतो. एपॉक्सी पुट्टीचा केला, कान सुईने ओढले. पट्टी रंगाने काढायची की ॲल्युमिनियम फॉइलचा ठिपका चिकटवायचा, हे अजून ठरायचंय. फॉइलला जाडी मिळते, म्हणून माझा कल तिकडे आहे.

सध्या सगळ्यावर राखाडी प्रायमर आहे. प्रायमरने उजव्या तरंडाचा (पंखाखालच्या तरंगत्या भागाचा) सांधा आणि शेपटीच्या मुळाशी एक खळगा दाखवला. तेवढं भरून झालं की चंदेरी थर, त्यावर मिठाची पद्धत : पृष्ठभाग ओला करून स्वयंपाकघरातलं जाडं मीठ सांध्यांपुरतंच टाकायचं, सुकलं की वरचा रंग फवारायचा आणि नंतर मीठ घासून काढायचं. सुकाणू आणि शेपटीचे हलते भाग खऱ्या विमानात कापडाने मढवलेले असत, तिथे धातू दिसून चालणार नाही, म्हणून त्यांवर मीठ पडू द्यायचं नाही.

पाण्याबाबत तुमचा सल्ला हवाय. प्रवाळाच्या आतलं उथळ पाणी करायचंय, काठाशी जवळजवळ रंगहीन आणि पुढे हिरवट निळं. एपॉक्सी रेझिन पातळ थरांत ओतणार आहे, पण धक्क्याचा उतार जिथे पाण्यात शिरतो तिथे रेझिन कडेने वर चढतं. ज्यांनी होड्यांचे देखावे केलेत त्यांनी सांगा : कडेला आधी मेण लावता, की थर ओतल्यावर घासून घेता?