पांढरी तीनचा गंधार

श्रावणात माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. चतुर्थी तोंडावर आलेली असते आणि वेंगुर्ल्याच्या आसपासच्या वाड्यांतली झाडून सगळी भजनी मंडळं आपापल्या पेट्या घेऊन दारात उभी राहतात. कोणाचा भाता फुटलेला, कोणाची पट्टी दाबली की उठत नाही, कोणाच्या सुरात पावसाने मुक्काम केलेला. अशा गर्दीत शिरोड्याचे एक साहेब जीपमधून लांबट काळी पेटी उतरवून घेऊन आले. बोटीवर चीफ इंजिनियर होते, आता निवृत्त होऊन घरी माड आणि काजू बघतात.

"गिटार आहे," म्हणाले. "तारा बदलून सुरात लावून द्या."

पेटी उघडली तर आत पेडल स्टील गिटार. नोकरीत असताना ह्यूस्टनला घेतलेली. फोटोत पाहिलेलं हे वाद्य पहिल्यांदाच हाताखाली आलं होतं. चार पाय लावून उभं केलं, तेवढ्यात आपली पेटी घेऊन आलेले एक बुवा दारातूनच म्हणाले, "ह्यां काय रे? इस्त्रीचा टेबल?"

दिसतं खरं तसंच. वर दहा तारा, खाली तीन पेडल, आणि दोन्ही गुडघ्यांनी ढकलायच्या लिव्हर. डाव्या हातात पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. इथवर ती आपल्या ओळखीची हवाईयन गिटारच. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत व्हॅन शिपलींनी वाजवलेली तीच जात. फरक पेडलचा. पेडल दाबलं की ठरावीक तारा तेवढ्या चढतात, बाकीच्या आपल्या जागी वाजत राहतात. म्हणजे एक सूर स्थिर आणि त्याच्या शेजारचा मींड घेत वर जातोय, तेही पायाने. 1954 साली बड आयझॅक्स या वादकाने तार वाजत असतानाच पेडल दाबून ही करामत रेकॉर्डवर आणली आणि अमेरिकेतल्या कंट्री संगीताला तिचं वेडच लागलं.

याची लावण्याची पद्धत आपल्या सरगमीत लिहिली की एकदम सोपी होते. सा म्हणजे पांढरी तीन, पेटीच्या सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी. वादकापासून सगळ्यात लांबच्या तारेपासून मोजत आलं की रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. सगळ्यात उंच सूर पहिल्या तारेचा नाही, तिसऱ्या तारेच्या गंधाराचा. पहिलं पेडल दोन्ही पंचमांना धैवतावर नेतं. दुसरं दोन्ही गंधारांना मध्यमावर. दोन्ही एकदम दाबली की म, ध, सा मिळून दुसरा स्वरमेळ (कॉर्ड) तयार. गुडघ्याची एक लिव्हर सा खाली नीवर आणते, दुसरी त्याला कोमल रिषभावर चढवते. सुतारकाम आणि रीडकाम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे कळायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो यंत्राला.

तारा काढल्या आणि आतला प्रकार दिसला. उजव्या टोकाला चेंजर असतो. प्रत्येक तारेसाठी ॲल्युमिनियमचं एकेक बोट, सगळी एका आसावर ओवलेली. तारेचा पितळी मणी बोटावरच्या खिळ्यात अडकतो आणि तार बोटाच्या गोल माथ्यावरून जाते. पेडल दाबलं की खालची सळई ते बोट खेचते. पेडल सोडलं की बोट मागे येऊन टेकायला हवं. इथे बोटांवर पांढरी बुरशी चढल्यासारखी खाऱ्या हवेची पूड, आणि आसावर जुनं तेल चिकट होऊन बसलेलं. पांढऱ्या पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून ते सगळं काढलं, मग आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. जास्त नाही. आपल्याकडे तेलावर धूळ आणि बाष्प दोन्ही बसतात.

साहेबांची मूळ तक्रार होती की सहावी तार पेडल सोडल्यावर उतरलेलीच राहते. असं झालं की माणूस स्प्रिंगवर संशय घेतो. पण या तारेचं बोट व्यवस्थित मागे टेकत होतं. दोष दुसऱ्या टोकाला होता. खुंट्यांच्या अलीकडे प्रत्येक तार एका छोट्या खाचेच्या फिरकीवरून जाते. सहावीची फिरकी हिरव्या गंजाने जाम झालेली. पेडल दाबल्यावर ताण वाढतो, तेव्हा खुंटीकडची थोडी तार जोराने फिरकीवरून ओढली जाते. पेडल सोडलं की ती परत जायला हवी, पण फिरकी अडकलेली, म्हणून तार सैलच राहते. फिरकी काढून, घासून, फुंकर मारल्यावर गरगर फिरेपर्यंत सोडली नाही.

आणखी एक भानगड. उजव्या टोकाला, सळयांच्या शेवटी नायलॉनचे षट्कोनी नट असतात. पेडल दाबून ठेवायचं आणि चढलेला सूर या नटाने लावायचा. मोकळी, म्हणजे पेडल न दाबलेली, तार मात्र खुंटीनेच. आधी कोणीतरी मोकळ्या ताराही या नटांनीच लावल्या होत्या. त्यामुळे काही बोटं पेडल न दाबताच किंचित खेचलेली, जागेवर टेकलेलीच नाहीत. सगळे नट सैल केले, सळईला जराशी ढील ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

साहेबांच्या पुतण्याने पाठवलेल्या तारांचा एकच संच होता. तिसरी तार फक्त अकरा थाऊ जाड, म्हणजे इंचाचे अकरा हजारावे भाग. गंधारावर तिच्यावर बारा-तेरा किलोचा ताण असतो आणि पेडलने मध्यमावर गेली की चौदाच्या वर. या वाद्यात तुटते ती बहुतेक हीच, आणि तुटते बोटाच्या माथ्यावर, कारण प्रत्येक वेळी पेडल दाबलं की तिथेच वाकते. आमचीही तिथेच तुटली. साहेबांचा चेहरा पडला. पण सितारीच्या कामासाठी माझ्याकडे पोलादी तारेची रिळं असतात, आणि दोन नंबरची तार बरोबर अकरा थाऊ. तुटलेल्या तारेचा पितळी मणी काढला, नव्या तारेला फास घालून घट्ट पीळ दिला. चढली. पेडल वीस-पंचवीस वेळा दाबून ताणून घेतली, मग सूर थांबला.

आता लावणं. सूर मोजणारा ट्यूनर जोडून प्रत्येक तारेचा काटा मध्यावर आणला आणि साहेबांना वाजवायला बसवलं. सा, ग, प एकदम छेडले.

आपली पेटी मांडीवर घेऊन बसलेले बुवा मान न वळवता म्हणाले, "गंधार चढलो हा तुझो."

साहेबांनी ट्यूनर दाखवला. काटा मध्यावर, हिरवा दिवा.

"माका मशीन नको दाखव. वायच उतरव."

बुवांचं बरोबर होतं आणि मी तेच सांगणार होतो. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, त्यात गंधार सा पासून 400 सेंटवर येतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार 386 वर असतो. हवाईयन असो की कंट्री, तीन तारा अशा लांबत वाजल्या की ते 14 सेंट कानात खरखरतात. दोन्ही गंधार ट्यूनरच्या काट्याखाली आणले, पेडलचा धैवत त्याहून थोडा आणखी खाली. स्वरमेळ एकदम गुळगुळीत झाला. साहेब ट्यूनर बंद करून ऐकत बसले. इंजिनियर माणूस, काटा चुकीचा दाखवतोय आणि कान बरोबर, हे त्यांना पचायला जरा जड गेलं.

रिषभाने मात्र छळलं. पंचमाशी जुळवला तर 204 सेंटवर बसतो, पण पेडल दाबून धैवताबरोबर वाजवला की त्याला 182 वर यायचं असतं. एकच तार, दोन मागण्या. शास्त्रात यांनाच वेगवेगळ्या श्रुती म्हणतात. गवय्या गळ्याने वाट काढतो, तार कुठून काढणार? काही वाद्यांत यासाठी वेगळी सळई जोडून पेडलबरोबर रिषभ थोडा उतरवतात. या वाद्यात ती नव्हती. साहेबांना विचारलं, तुम्ही जास्त काय वाजवता? पेडल दाबलेलं, म्हणाले. मग रिषभ मधल्यापेक्षा खालच्या बाजूला ठेवला.

शेवटी एक बारीक गोष्ट. दोन्ही पेडल दाबली की लाकडी अंगच किंचित वाकतं आणि न खेचलेल्या ताराही दोन-तीन सेंट उतरतात. दोष नव्हे, या जातीचा स्वभाव. म्हणून मोकळे सा केसभर चढे ठेवले. दोन नंबरच्या तारेचे चार तुकडे मणी लावून एका पाकिटात दिले आणि पावसाळ्यात वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या फडक्याने पुसायला सांगितलं.

साहेब गेले. बुवांनी आपली पेटी पुढे सरकवली. "माझ्या पेटयेचो गंधार पण तसोच घे."

मी सांगितलं, बुवा, पेटीत तो सूर एकट्या गंधाराचा नसतो. तुमच्या काळी एकचा गंधार म्हणजे पांढरी चार. मंडळातला दुसरा कोणी काळी दोनमधून गायला बसला की तीच पट्टी त्याचा रिषभ होते. तो उतरलेला लागेल, आणि शिव्या मला.

"दुसरो खंय गाता? आणि काळी एक सोडून मी खंय जातंय?"

वरचं झाकण काढलं, तिन्ही सप्तकांतल्या पांढरी चारच्या रीड बाहेर घेतल्या. सूर उतरवायचा तर रीड बुडाकडे खरवडायची, चढवायचा तर टोकाकडे. बुडाकडे हलक्या हाताने खरवडलं, बसवून ऐकलं, परत काढलं. बुवा प्रत्येक वेळी सा भरत होते आणि बिलाचा विषय टाळत होते.