सहापट बारीक माती

१४ जून, शनिवार

सकाळपासून झड लागलीय. माडीवरच्या खोलीत टेबलावर येझदी मोटरसायकलच्या छोट्या मॉडेलचं इंजिन घेऊन बसलोय. इंजिन म्हणजे शिवणीच्या लाकडाचा, आगपेटीपेक्षा जरासा मोठा ठोकळा. दोन्ही अंगांनी अंड्यासारखा गोल करत आणलाय, कारण येझदीचं इंजिन तसंच, जावाच्या घराण्यातलं. बायको चहा ठेवून गेली. जाता जाता म्हणाली, "रिटायर झाल्यावर माणसं देवळात तरी जातात की वो."

दीड महिना हे काम चाललंय, पण लिहून ठेवायचं आजच मनात आलं. कारण आज एक गाढवपणा सापडला. फ्रेममध्ये इंजिन बसवायला गेलो, तर बोल्टांची भोकं जुळेनात. फ्रेम मोजली, बरोबर. इंजिन मोजलं, तर लांबीला पाऊण मिलिमीटरहून थोडं जास्तच मोठं. मग टेबलावरची पट्टी उचलून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

ती माझी कारखान्यातली कॉन्ट्रॅक्शनची पट्टी. बेळगावच्या उद्यमबागेत ३४ वर्षं मी पॅटर्न केले, म्हणजे धातू ओतायच्या मातीच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने. ओतीव भाग थंड होताना आटतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मीटरमागं साधारण १० मिलिमीटर, ॲल्युमिनियम १३च्या आसपास. तेवढा पॅटर्न मोठा करायचा, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पट्टीवरच्या रेघाच तितक्या लांब आखलेल्या. दिसायला साधी फूटपट्टी. येझदीचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, ॲल्युमिनियमचं, म्हणून हातानं डोक्याला न विचारता ॲल्युमिनियमची पट्टी घेतली. आता हे लाकूड कुठं आटायला बसलंय?

दुसरा ठोकळा कापायला घेतला. पहिला वर्तमानपत्रावर वजन म्हणून ठेवलाय, पंख्यानं पानं उडतात.

२२ जून, रविवार

ही येझदी दादाची. १९८१ मध्ये घेतलेली, मरून रंगाची. वडगावात आमचे माग होते. सुताची गाठोडी मागं बांधून दादा दिवसातून चार फेऱ्या मारायचा. येझदीचा गिअर क्लच न दाबताही पडायचा, म्हणून एक हात हँडलवर आणि दुसरा मागच्या गाठोड्यावर असा तो कपिलेश्वराच्या बाजूनं यायचा. आज असं कुणी चालवलं तर मीच ओरडेन.

मैसूरच्या आयडियल जावामध्ये १९६१ पासून चेक बनावटीच्या जावा निघायला लागल्या, पुढं त्यांच्याच येझदी झाल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद. गाडी कन्नड मुलखातली, बसणारी गल्ली मराठी, पण त्यावरून कधी कुणी मोर्चा काढला नाही. कारखाना गेल्यावर सुटे भाग मिळेनासे झाले आणि दादानं गाडी विकली. कुणाला, कितीला, ते त्यानं घरात सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मुलानं दोन वर्षांमागं पुण्याहून तामिया या जपानी कंपनीचा, मॉडेल जोडायचा १:१२ चा संच पाठवला होता. होंडा आरसी १६६. जिच्यावर शर्यतपटू माइक हेलवूडनं १९६६ साली २५० सीसीचं जगज्जेतेपद घेतलं ती. २५० सीसीत सहा सिलिंडर आणि सहा सायलेन्सर! आमच्या येझदीला त्याच २५० सीसीत सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. संच सुरेख. प्लॅस्टिकचा भाग काडीवरून कापायचा, कापल्याची खूण घासायची, रंगवायचा, बसवायचा. सगळं बसतंच. जपान्यांनी चुकायला जागा ठेवलेली नाही. तो संपल्यावर हात रिकामे वाटले आणि दादाच्या गाडीचं डोक्यात आलं.

१:१२ मध्ये साडेसहा फुटांची गाडी साडेसहा इंचांची होते. त्यात मला हवी ती गोष्ट हलणार नव्हती. (कुठली, ते पुढं.) म्हणून १:६ धरलं, तेरा इंच. मापं खानापूरकडच्या एका गोठ्यात मिळाली. तिथं एक येझदी गंजून पडलीय. मालकानं विकायला नकार दिला, मोजायला हो म्हटलं. वर्षभर कुणी हलवली नव्हती. एका हातात व्हर्निअर, दुसऱ्या हातानं कोंबडीची पिल्लं बाजूला करत दोन तास बसलो.

आज सिलिंडर गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्या. पितळी पत्र्याच्या चकत्या कापायच्या, मध्ये लहान चकतीची फोड घालायची, पुन्हा मोठी, पुन्हा लहान, अशी चवड रचायची. सरळ काम. रचून झाल्यावर पाहिलं तर वाईट दिसत होतं. माप चुकलं नव्हतं, तरी वाईट. अर्धा तास न्याहाळला तेव्हा कळलं. ओतीव पाती कधी सगळीकडं सारखी जाड नसते. मातीतून पॅटर्न मोकळा निघावा म्हणून तिला ड्राफ्ट द्यावा लागतो. बुडाशी जाड, टोकाला बारीक. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर ड्राफ्ट मागत आलो आणि स्वतःच्या सिलिंडरला विसरलो! माझा सिलिंडर ओतलेला वाटत नव्हता, पत्रा कापून रचलेला वाटत होता. आणि तो तसाच होता.

चवड सोडली. आता एकेक चकती कानशीनं कडेकडं निमुळती करतोय. एकीला वीस मिनिटं.

३ जुलै, गुरुवार

आरे. चाकाला ३६, दोन चाकांना ७२. हिशेबानं तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड हवी. मिरजेहून सतारीची तार मागवायची असं आधी ठरवलं होतं, पण ती फार बारीक. खडेबाजारात गिटारच्या तारा मिळाल्या. हिशेबाची तार घालून एक चाक विणलं, तर बैलगाडीचं वाटायला लागलं. चकचकीत तार डोळ्याला आहे त्याहून जाड दिसते. उसवलं. ०.४५ ची घातली. मापात चुकीची, दिसायला बरोबर. पॅटर्नमेकरला हे पचत नाही, पण पचवलं.

१३ जुलै, रविवार

ज्यासाठी १:६ घेतलं ती गोष्ट, म्हणजे किक.

येझदीला किक आणि गिअर यांचा दांडा एकच, डाव्या अंगाला. पुढं आडवा असतो तेव्हा गिअर. सुरू करायची तर तो इंजिनाकडं आत दाबायचा, मागं उचलून उभा करायचा आणि मारायची किक. गाडी लागली की परत पुढं पाडायचा. नवा माणूस हमखास फसायचा. दादानं मला हे शिकवताना तीनदा शिवी हासडली होती.

माझ्या दांड्यालाही ते जमलं पाहिजे, नुसता चिकटवलेला नको, असं पहिल्या दिवसापासून मनात होतं. दीड मिलिमीटरची पितळी दांडी, तिच्यावर खाच, आत सिगारेट लायटरच्या चकमकीखालची स्प्रिंग. दांडी वळवायला उद्यमबागेतल्या ओळखीच्या टर्नरकडं गेलो. तो रायबागकडचा, कन्नड बोलणारा. चिमट्यात धरून बराच वेळ बघत राहिला. "अण्णा, इष्टु सण्णदु याके?" म्हणजे एवढं बारीक कशाला. मी म्हटलं, गाडीच बारीक आहे. तो हसला, पैसे घेतले नाहीत, पण दोन वाया घालवल्या आणि तिसरी नीट दिली.

रात्री अकराला पहिल्यांदा दांडा आत गेला, उभा राहिला, परत पडला. चौथ्या वेळी खाचेतून सुटला आणि स्प्रिंग उडाली. बॅटरी घेऊन फरशी पाहिली, सतरंजी झटकली. शेवटी सापडली ती बायकोच्या केसांत. ती झोपली होती, म्हणून काही म्हणाली नाही.

२० जुलै, रविवार

क्रँककेस घासून आरशासारखं गुळगुळीत केलं आणि मग कळलं की ते खोटं दिसतंय. मातीत ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या अंगावर बारीक रवा असतो. कारखान्यात तो किती असावा यावर मातीचे साचे करणाऱ्या मोल्डरशी माझी भांडणं व्हायची. आता मी एकटाच, म्हणून दोन्ही बाजूंनी मीच भांडलो.

आधी मोल्डिंगची खरीच माती चाळून, पुट्टीत कालवून लावली. जुन्या सहकाऱ्यानं डबाभर दिली होती. लावल्यावर इंजिनाला देवी आल्यासारखं झालं. साहजिकच आहे, गाडी सहापट लहान तर मातीचा कणही सहापट बारीक पाहिजे. तेवढं बारीक घरात काय आहे? नातवाची टाल्कम पावडर. प्रायमरमध्ये घोळून जुन्या टूथब्रशनं टोचत लावली. वाळल्यावर बोट फिरवलं. हाताला जवळजवळ गुळगुळीत, डोळ्याला ओतीव. इंजिनाला बाळाचा वास येतोय.

३ ऑगस्ट, रविवार

वाईट आठवडा. सायलेन्सर क्रोमला दिले होते. शेगडीवर तापवून मऊ केलेल्या पितळी नळीत राळ ओतून, ती गार झाल्यावर वाकवलेले, दोघांचं वळण एकसारखं यायला पाच नळ्या गेलेल्या. ज्याच्याकडं दिले त्यानं प्लेटिंगच्या आधी बफ मारताना मागचं निमुळतं तोंड घासून गोल करून टाकलं. वर म्हणाला, "चमक बघा की." चमक आहेच. गाडीला मात्र सायलेन्सरच्या जागी भोंगे लावल्यासारखं दिसतंय. पुन्हा केले. या वेळी शहापुरातल्या एका सोनाराकडून निकेल करून घेतले. त्याला कडा कळते.

त्यात टाकीचा रंग. एनसी पेंट, म्हणजे थिनरमध्ये पातळ करून मारायचा झटपट वाळणारा रंग, मारला आणि पाच मिनिटांत मरूनवर दुधाळ झाक आली. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसतो. बेळगावच्या पावसात दमटपणाला काय तोटा! गॅरेजवाले अशा दिवसांत रंगाचं काम पुढं ढकलतात. मला गणपतीआधी संपवायचं होतं. आंब्याच्या पेटीत ६० वॅटचा बल्ब लावला, टाकी आधी आत तापवली, मारली, परत आत. तिसऱ्या हाताला मरून मरूनसारखा दिसला.

दादाच्या टाकीला डाव्या बाजूला पोचा होता, आंबोलीच्या घाटातला. तो द्यायचा की नाही यावर दोन दिवस गेले. दिला नाही. पोचा माझ्यामुळं पडला होता.

१६ ऑगस्ट, शनिवार

नंबरप्लेट. पुढच्या मडगार्डवरची उभी पाटी, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. दादानं एका बाजूला इंग्रजी आकडे आणि दुसऱ्या बाजूला मराठी घातले होते. पोलिसानं हटकलं की इंग्रजी बाजू दाखवायचा. ट्रिपल झिरो ब्रशनं दोन्ही बाजू लिहिल्या. मराठी ५ चा पोट-फाटा चार वेळा पुसला.

बाकी काम संपलं. लिहिण्यासारखं काही नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

आज गणपती आले. दादा आणि वहिनी दुपारच्या जेवणाला. दादाचे गुडघे गेलेत, माडी चढत नाही, म्हणून गाडी खाली आणून आरासापासून लांब, टीव्हीच्या कपाटावर ठेवली होती. मुद्दाम काही बोललो नाही.

मोदक झाले, पान झालं. मग त्याचं लक्ष गेलं. उठला, चष्मा डोक्यावरून खाली घेतला. नंबर आधी वाचला, मराठी बाजूचा. पोच्याच्या जागेवरून बोट फिरवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

मग करंगळीच्या नखानं दांडा आत दाबला, उचलून उभा केला. मी त्याला सांगितलं नव्हतं की तो हलतो. नखानंच एकदा खाली मारला. परत मारला. वाकून टाकीच्या खाली बघितलं.

"लागंल कशी?" म्हणाला. "पेट्रोलचा कॉक बंदच ठेवलायस की रे."