आबा, एचएफ गाई आणि विलन नसलेलं ॲनिमे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्री पावणेबारा

लाईट आत्ता आली. मोबाईल 14 टक्क्यांवर होता म्हणून लिहायचं थांबलो होतो. काल पोळा झाला. आमच्याकडं पोळा म्हणजे आता पाटावर मातीचे दोन बैल, त्यांच्यापुढं पुरणपोळी, आणि माय ओवाळायला लागली की आबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. जेवायला आत येतात, ओवाळताना नाही. ह्याच्यावर घरात कुणी कधी बोलत नाही.

पण लिहायला बसलो ते ॲनिमेवर, म्हणजे जपानी कार्टूनवर, पोळ्यावर नाही. दुपारी दुकानात (आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, पीक विम्याची गर्दी सरली की माश्या मारायच्या) सोबत्याशी वाद झाला. त्याला मी महिनाभर मागं लागून सिल्व्हर स्पून नावाचं शेतकी शाळेवरचं ॲनिमे बघायला लावलं होतं. तीन एपिसोड बघून आला आणि म्हणतो, ह्याच्यात होतं काय, पोरं गाई धुतात अन शेण काढतात, हे तर मी घरी फुकटात बघतो. फाईट कुठंय, विलन कुठंय. मला इतका राग आला की झेरॉक्सचे पैसे घ्यायचे राहिले एका म्हातारबाचे.

विलन कुठंय म्हणे. अरे विलन नाही हेच तर आहे ना त्याच्यात.

आधी हे सांगतो की मी काही फाईटचा वैरी नाही. आम्ही डोरेमॉन अन शिनचॅन हिंदीत बघून वाढलेली लेकरं, मग कॉलेजला मोबाईल आला आणि नारुतो, वन पीस, अटॅक ऑन टायटन असं सगळं रात्र रात्र जागून बघितलं, होस्टेलच्या गच्चीवर जिथं रेंज यायची तिथं. नारुतोत तो पेन नावाचा विलन येऊन अख्खं गाव सपाट करतो ते बघून माझे हातपाय गार पडले होते. पण नंतर काय झालं, नारुतो त्याच्याशी बोलला, त्याचं मन पालटलं आणि त्यानं त्या हल्ल्यात मेलेली सगळी माणसं जिवंत केली. सगळी. तिथं माझं जरा मन उतरलं ते परत बसलंच नाही. ड्रॅगन बॉलमधे तर सात गोळे जमवले की मेलेला माणूस परत हजर. मजा येते, नाही म्हणत नाही, पण मग मरणाची भीतीच राहत नाही, सत्यनारायणाच्या कथेसारखं होतं, शेवटी प्रसाद खाल्ला की बुडालेली नाव वर.

म्हणून मला सिल्व्हर स्पूनवाली हिरोमु अराकावा आवडते. खरं नाव हिरोमी, बाई आहे, मासिकासाठी पुरुषासारखं नाव घेतलं. होक्काइदोत दूधधंद्याच्या घरात जन्मली, शेतकी शाळा शिकली आणि मग सात वर्षं घरच्याच गोठ्यात राबली, त्यानंतर टोकियोला गेली चित्रं काढायला. स्वतःचं चित्र काढते ते चष्मा घातलेल्या गाईचं. तिची फुलमेटल अल्केमिस्ट ही चित्रांची गोष्ट 2001 ते 2010 चालली, पुस्तकाचे 27 भाग, ते बहुतेक सगळ्यांना माहिती असतं. त्याचा पायाच असा की काही मिळवायचं तर तेवढ्याच किमतीचं काहीतरी द्यावं लागतं आणि मेलेला माणूस काही केल्या परत येत नाही. दोन पोरं मेलेल्या आईला परत आणायला जातात, त्यात एकाचा पाय जातो, दुसऱ्याचं अख्खं शरीर जातं, भावाचा जीव धरून ठेवायला मोठ्याचा हात पण जातो, आणि आई तर येतच नाही. गोष्ट इथून सुरू होते, इथं संपत नाही. लोक म्हणतात केवढी फिलॉसॉफी. मला ते वाचताना एवढंच वाटतं की ह्या बाईनं पेंड किती घातली अन दूध किती निघालं ह्याचा हिशोब रोज केलेला आहे. जिनं म्हातारी गाय गाडीत चढवून दिलीय ती मेलेला कॅरेक्टर उगी परत आणणार नाही.

त्याच्यातला टकर म्हणून माणूस आहे ना, सरकारी किमयागाराचं लायसन जाऊ नये म्हणून स्वतःच्या पोरीचं अन कुत्र्याचं मिळून एक जनावर करतो तो. लोक त्याला सगळ्यात नीच विलन म्हणतात आणि आहेच. पण त्या भागात मला जास्त लागतं ते वेगळंच, एड, म्हणजे त्या दोघांतला मोठा भाऊ, त्याला धरून हाणतो, हाणतो, आणि पोरीचं काहीच होत नाही. मारून काही परत येत नाही. बाकीच्या गोष्टींत मारल्यावर हिशोब मिटतो, इथं मिटत नाही.

असो. सिल्व्हर स्पून.

हे तिनं फुलमेटल संपल्यावर 2011 ला सुरू केलं आणि 2019 पर्यंत चाललं, मधे मधे घरच्यांच्या तब्येतीमुळं थांबत थांबत, एकूण 15 भाग. ॲनिमे फक्त 22 एपिसोडचं आहे, तिथंच सोडून दिलंय, पुढचं वाचावं लागतं. गोष्ट काय तर साप्पोरो शहरातला हाचिकेन नावाचा हुशार पोरगा बापापासून लांब पळायचं म्हणून होस्टेल असलेली शेतकी शाळा धरतो. बाकी सगळी पोरं शेतकऱ्यांची. त्यांना पुढं काय करायचं ते माहितीये, ह्यालाच माहिती नाही. अंडं कोंबडीच्या कुठून येतं हे बघून त्याला अंडं खायची शिसारी येते, तिथं मी लई हसलो. मग एक मरतुकडं डुकराचं पिल्लू त्याला आवडतं. सगळे सांगतात नाव ठेवू नको, हे खायचं आहे, तरी तो ठेवतो, आणि ठेवतो तरी काय, बुताडोन. म्हणजे डुकराच्या मांसाचा भात! उन्हाळ्यात राबून मिळवलेल्या पैशातून शेवटी तो त्याचंच मांस विकत घेतो आणि खातो. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर पिल्लू पळवून नेलं असतं, नाहीतर मास्तरला दया आली असती. अराकावा त्याला कत्तलखान्यात पाठवते. आणि हाचिकेन रडत रडत खातो आणि म्हणतो चांगलं लागतंय. हे असं लिहायला छाती लागते.

पण माझा जीव अडकतो तो कोमाबात. सोबत्याला हेच सांगत होतो पण तो ऐकायला तयार नाही. कोमाबा म्हणजे बेसबॉल खेळणारा पोरगा, बाप वारलेला, आई अन दोन जुळ्या धाकट्या बहिणी, गोठ्यावर कर्ज. ह्याचं गणित एकच, खेळात मोठं व्हायचं आणि कर्ज फेडायचं. आता कुठल्याही दुसऱ्या ॲनिमेत शेवटच्या बॉलला काय झालं असतं ते तुम्हाला माहितीये. इथं ते हरतात. हरल्यावर गोठा जातो. गाई ट्रकात चढतात. कोमाबा शाळा सोडतो आणि कामाला लागतो.

आणि इथंच खरी मेख आहे. त्या कर्जाला जामीन होतं मिकागेचं घर, म्हणजे हाचिकेनला आवडणाऱ्या पोरीचं. मग त्यांच्यावर पण आलं, त्यांना घोडे विकावे लागले. ह्या सगळ्यात दोषी कोण ते दाखवा मला. सावकार मिशा पिळत नाही, बँकेचा माणूस पण वाईट नाही, कोमाबाच्या आईनं उधळलेलं नाही, मिकागेच्या बापानं शेजारधर्म केला. कुणीच वाईट नाही आणि तरी गोठा रिकामा. आमच्या दुकानात रोज सातबारा काढतो मी, इतर अधिकारात बोजा बघतो, त्या कागदावर पण विलनचं नाव नसतं.

हे मी सोबत्याला म्हणलं तर तो म्हणे तू इमोशनल होऊलालास. झालोच असंल.

संध्याकाळी घरी येऊन तोच एपिसोड परत लावला, ओट्यावरच बसून. आबा शेजारी तंबाखू मळत होते. त्यांचं माझ्या कार्टूनकडं कधी लक्ष नसतं, त्यांच्या लेखी ती सगळी टोकदार केसांची पोरं एकच. पण पडद्यावर काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन, म्हणजे एचएफ गाईंचा गोठा आला आणि आबांचा हात थांबला.

"ह्या तर एचएफ हायत."

"हाव आबा."

"कुठलं हाय हे?"

म्हणलं जपान, तिथं उत्तरेला होक्काइदो म्हणून बेट आहे, अख्ख्या जपानचं निम्म्याहून जास्त दूध तिथलं. आबा म्हणले फॅट काय लागत असंल. मला काय माहिती. मग त्यांनी विचारलं उन्हाळ्यात पाणी कसं करतात, एचएफला पाणी लई लागतं, म्हणलं आबा तिथं बर्फ पडतो. ह्याच्यावर ते गप बसले, बर्फात गाय ही गोष्ट त्यांना पटली नाही.

खाली इंग्रजी सबटायटल होतं, तर मी मोबाईल दोघांच्या मधे धरून आपल्या भाषेत सांगत गेलो. हा पोरगा कोमाबा, ही त्याची माय. खेळात हरले. आता कर्जात गाई चालल्यात. तिकडं कोमाबाच्या बहिणी रडूलाल्यात आणि हा कोरड्या तोंडानं उभा. आबा म्हणले,

"जामीन कोण हाय?"

मी अजून जामिनाचं सांगितलंच नव्हतं. ते अजून आलंच नव्हतं पडद्यावर.

आता हे लिहावं का नाही ते कळत नाही, पण वही माझीच आहे. आबांनी त्यांच्या मावसभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला सही केली होती. 2014 ला पाऊस नाही, 2015 ला नाही. हप्ते थांबले, नोटीस आमच्या घरी आली, आणि 2016 च्या उन्हाळ्यात आमची देवणी बैलांची जोडी हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला गेली. त्याच एप्रिलमधे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, सगळ्या टीव्हीवर ती रेल्वेच होती. मी तेव्हा दहावीचा पेपर देऊन मोकळा झालो होतो आणि मला आठवतं ते एवढंच की आबांनी जोडीची दावी सोबत दिली नाहीत. दावं देत नसतात म्हणे विकताना. ती दोन दावी अजून खुंटीला आहेत, माय दर दिवाळीला झाडून परत तिथंच अडकवते. त्या काकांशी आमचं बोलणं तुटलं नाही, लग्नकार्याला जातो येतो. ते तरी काय करणार होते, पाऊस काय त्यांनी अडवला होता का.

तर मी आबांना सांगितलं, ती पोरगी दिसूलाली ना, तिच्या घरचे जामीन हायत. त्यांना पण घोडे विकावे लागतात.

"मग बोलतात का एकमेकाला?"

म्हणलं बोलतात.

आबांनी मान हलवली आणि तंबाखू तोंडात टाकला. मला वाटलं उठतील आता, पण बसून राहिले. पुढं ती मिकागे घरच्यांसमोर सांगते की मला गोठा पुढं चालवायचा नाही, मला घोड्यांचं काम करायचंय, शिकायचंय, आणि हाचिकेन तिला अभ्यास शिकवायचं अंगावर घेतो. बघा, घर अडचणीत आलं तेव्हाच पोरीला तोंड उघडता आलं. हे पण अराकावाचंच डोकं. तिच्या बायका अशाच असतात, फुलमेटलमधली विन्री बघा, हात काळे करून लोखंडी हातपाय जोडते, आणि शेवटी एड तिला लग्नाचं विचारतो ते पण देवाणघेवाणीच्या भाषेत, माझं अर्धं आयुष्य देतो तुझं अर्धं दे. ती म्हणते अर्धं कशाला सगळंच घे, आणि लगेच टक्केवारीत घासाघीस करायला लागते, 85 टक्क्यांवर येऊन थांबते! बाजारात वाढलेली माणसं असंच प्रेम करत असतील.

एपिसोड संपला. एक तक्रार माझी पण आहे, ॲनिमेवाल्यांनी ह्या सगळ्यावर लई पियानो वाजवलाय, पुस्तकात ते पानच्या पान गप असतं आणि गप असल्यामुळंच जास्त लागतं. ट्रकाचं फळकं बंद होतं त्याला कशाला पाहिजे पियानो. शिवाय हाचिकेनचा बाप जरा जास्तच दगड दाखवलाय, तो एकटाच मला विलनसारखा वाटायचा आधी. आता तितका वाटत नाही. माणूस वाईट नसतो, त्याला बोलता येत नसतं, एवढंच.

सोबत्याला मेसेज टाकलाय, बाराव्या एपिसोडपर्यंत बघ मग शिव्या दे. निळी टिक आलीय, उत्तर नाही.

आबा झोपायला जाताना दारात थांबले. मला वाटलं काही म्हणतील बैलांचं. म्हणले,

"त्या पोराला पुढं काम लागलं का पण?"

म्हणलं लागलं आबा, अजून पुढची पुस्तकं हायत.

"उद्या लाव," म्हणले आणि आत गेले.