गोण्या टाकू नका म्हणालो तर सगळे हसले

नाथसागराचं पाणी मागं सरकलं की पंपही त्याच्या मागं न्यावा लागतो, म्हणून पंप पाँटूनवर, म्हणजे तरंगत्या पोकळ लोखंडी डब्यावर. लोकांना वाटतं पंप बसवणं अवघड, तसं काही नाही हो, खालचा लोखंडी डबा सरळ राहणं अवघड.

त्या दिवशी पोचलो तर ६ बाय ३ मीटरचं पाँटून डाव्या अंगाला सहा-सात अंश कललेलं. जनरेटर उंच स्टँडवर, आणि मधल्या रेषेपासून फूटभर डावीकडं. झालं, सुपरवायझरनं निकालच देऊन टाकला, वजन एका बाजूला गेलंय, उजवीकडं वाळूच्या गोण्या टाका. एरवी हे बरोबरच असतं म्हणा.

पण शेजारी चप्पूवर, म्हणजे छोट्या होडीवर बसलेले भोई मामा म्हणाले, "ओ साहेब, सकाळी हे तिकडच्या अंगाला पडलं होतं की, पोरं चढली अन् इकडं आलं."

बाजूला ठेवलेल्या वजनानं कललं तर दर वेळी त्याच बाजूला कलणार. दोन्हीकडं पडतंय म्हणजे भानगड वेगळी. हिशोब केला, ७ टनाच्या पाँटूनवर ६०० किलोचा जनरेटर फूटभर सरकला तर फार तर सव्वा अंश, सात नाही. मॅनहोल उघडलं तर आत १० सेंटीमीटर पाणी, वेल्ड गळत होतं, आणि आडवं पळणारं पाणी अडवायला एकही पार्टिशन प्लेट नाही! असला चपटा डबा सरळ राहतो तो रुंदीच्या जोरावर, पण आत अख्ख्या रुंदीत मोकळं पाणी असलं की डबा कलेल तिकडंच ते पळतं आणि रुंदीचा सगळा फायदा खाऊन टाकतं. मधोमध लांबीत एक प्लेट असती तर नुकसान चौथ्या हिश्श्यावर आलं असतं. स्टील वाचवलं म्हणे.

अशात वर उचललेल्या उजव्या बाजूला गोण्या टाकल्या असत्या तर ते हळूहळू सरळ झालं नसतं, झटक्यात उजवीकडं गेलं असतं, गोण्या आणि पोरांसकट. १६२८ ला स्वीडनच्या वासा जहाजावर निघण्याआधी ३० माणसं इकडून तिकडं पळवली होती, जहाज इतकं डोललं की टेस्टच बंद केली, आणि तरी पाठवलं, बुडालं पहिल्याच फेरीत. साहेब लोक तेव्हाही असेच.

पोरांना एकेक करून उतरवलं, चप्पूवरच्या छोट्या पंपानं खालच्या कोपऱ्यातलं पाणी काढलं, मग जनरेटर फळ्यांवरून घसरवत खाली घेतला. चेनकुप्पी, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, मुद्दाम लावली नाही, लटकवलं की त्याचं वजन हुकाच्या उंचीवर गेल्यासारखं होतं, हे कुणाला सांगून पटत नाही. पाणी निघालं तसं पाँटून आपोआप उठलं, डावीकडं उरला जेमतेम अंश-सव्वा अंश.

रिपोर्टात लिहिलंय, 'जनरेटर मध्यभागी न ठेवल्याने कलले'. नवीन पाँटूनचं ड्रॉइंगही आलं, प्लेट नाहीच, खाली टीप, वजन मध्यभागी ठेवावे. मी पेन्सिलनं मधोमध एक रेघ मारून परत पाठवलंय, अजून काही उत्तर नाही.